एका डॉलरचं घर घ्यावं का?

वाचकाचं पत्र:

नमस्कार काका,

आम्ही पंचवीस वर्षं ह्यूस्टनला आहोत. २०१९ साली इंडिपेंडन्स हाइट्समध्ये ५० बाय १०० फुटांचा एक मोकळा प्लॉट घेऊन ठेवला, तो अजून तसाच पडून आहे. माझ्या ऑफिसच्या वाटेवर हाइट्स नावाच्या दुसऱ्या वस्तीत १९२५ सालचा एक लाकडी बंगला आहे, साधारण ११५० चौरस फुटांचा. तो पाडून बिल्डर तिथे दोन उंच घरं बांधणार आहे. मी गाडी थांबवून चौकशी केली, तर म्हणाला, "एका डॉलरला घेऊन जा, पण ४५ दिवसांत जागा मोकळी करून द्या." घर हलवणाऱ्यांचं कोटेशन घेतलं, ४२ हजार डॉलर. अंतर तीन-साडेतीन मैलांचं. एवढंच घर नवीन बांधायचं तर दोन लाखांच्या पुढे जातं. म्हणजे दीड लाख वाचतात. सासू-सासरे आता कायमचे इकडे यायचे आहेत, त्यांना तिथे ठेवावं असा विचार आहे. नवरा म्हणतो, हे वेड डोक्यातून काढून टाक. वाईचा आमचा वाडा २००४ साली पाडला तेव्हा मी इथे होते, फोनवर फक्त ऐकलं. माझा जीव या घरात अडकलाय तो कदाचित त्यामुळेच. काय करू?

– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर:

ताई,

तुमचा हिशोब एका जागी चुकलाय, आणि बहुतेकांचा तो तिथेच चुकतो. ४२ हजार ही घराची किंमत नाही. घर उचलून, रस्त्यावरून नेऊन, तुमच्या प्लॉटवर लोखंडी तुळयांवर टेकवून द्यायचे ते पैसे आहेत. त्या दिवशी घराला पाया नसेल, नळ नसेल, वीज नसेल, ड्रेनेज नसेल, चढायला पायरीसुद्धा नसेल. खर्चाला खरी सुरुवात तिथून होते.

मी तीस वर्षं ह्यूस्टन आणि गॅल्व्हेस्टनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून काम केलं. त्यातली निम्मी घरं तुमच्या बंगल्यासारखी होती, लाकडी आणि छोट्या खांबांवर उभी. लोकांना भीती वाटते ती घर उचलण्याची. 'मोडणार तर नाही ना?' हा पहिला प्रश्न असतो. प्रत्यक्षात हा भाग सगळ्यांत सोपा. गॅल्व्हेस्टनला १९०० सालच्या वादळात हजारो माणसं गेली. त्यानंतर गावाने समुद्राला भिंत घातली आणि १९०३ ते १९११ या काळात अख्ख्या गावाची जमीनच वर उचलली. दोन हजारांहून जास्त इमारती स्क्रू-जॅकवर घेतल्या आणि खाली वाळूचा गाळ भरला. सेंट पॅट्रिक चर्च तर तीन हजार टनांचं. ते सातशे जॅक लावून पाच फूट वर घेतलं, आणि तेही माणसांनी हाताने फिरवून. तुमचा बंगला त्यापुढे काहीच नाही. पण त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. भराव सरकारी पैशातून झाला, मात्र ज्याने-त्याने आपलं घर उचललं ते स्वतःच्या खिशातून. सव्वाशे वर्षांनंतरही हिशोब तसाच आहे. भोवतालच्या जमिनीला घर जुळवून घेण्याचा खर्च मालकाच्या माथी येतो, आणि कोटेशनमध्ये तो कधीच नसतो.

तुमच्या बंगल्याचं एक चांगलं आहे. तो 'पिअर अँड बीम'वर, म्हणजे छोट्या खांबांवर टेकलेल्या तुळयांवर आहे, काँक्रीटच्या स्लॅबवर नाही. खाली दीड-दोन फुटांची मोकळी जागा असते. तिथून लोखंडी तुळया आरपार सरकवतात, हायड्रॉलिक जॅकने सगळं घर एकसारखं उचलतात, खाली लाकडी ओंडक्यांच्या चौकोनी थप्प्या रचत जातात आणि मग चाकांची गाडी आत घालतात. १९२० च्या सुमाराच्या घरांना आतून शिपलॅपच्या, म्हणजे कडा एकमेकींवर बसणाऱ्या फळ्या ठोकलेल्या असतात. त्यावर पातळ कापड ताणून वॉलपेपर लावायचे. या फळ्यांनी घर पेटीसारखं घट्ट धरून ठेवलेलं असतं. वाटेत वॉलपेपर फाटतो, दारं अडकायला लागतात, पण सांगाडा हलत नाही. विटांचं धुराडं मात्र आधी उतरवावं लागतं, आणि पुढची ओसरी बहुतेक वेळा सोडवून वेगळी न्यावी लागते. ही दोन्ही कामं ४२ हजारांत धरली आहेत का, हे आज फोन करून विचारा.

आता रस्त्याचं बघू. टेक्सासमध्ये परवान्याशिवाय रस्त्यावर जाऊ शकणारं वाहन साडेआठ फूट रुंद आणि चौदा फूट उंच असतं. तुमचं घर वळचणी धरून तीस-बत्तीस फूट रुंद निघेल. गाडीवर चढवल्यावर छपराचं टोक वीस फुटांच्या आसपास जाईल. तुमचा प्लॉट ६१० या हायवेच्या पलीकडे, म्हणजे कुठल्या तरी पुलाखालून जावं लागणार, आणि वीस फूट उंच वस्तू पुलाखालून जात नाही. मग एकतर छप्पर कापून खाली घ्यायचं आणि तिकडे पुन्हा बसवायचं, नाहीतर हायवेच्या वरून जाणारा लांबचा रस्ता शोधायचा. तीन मैलांचे सहा मैल इथे होतात. वाटेतल्या प्रत्येक विजेच्या आणि केबलच्या तारेसाठी त्या-त्या कंपनीचा माणूस घर नेण्याच्या रात्री हजर लागतो, आणि त्याचे पैसे वेगळे. सिग्नलचे दांडे फिरवायचे, पोलिसांची गाडी पुढे ठेवायची, ओकच्या फांद्या छाटायला शहराची परवानगी काढायची. हलवणाऱ्याने यातलं काय-काय धरलंय ते लेखी मागा. 'सगळं त्यातच आलं' या तोंडी उत्तरावर राहू नका.

पण तुमचं घर व्हायचं की नाही हे रस्ता ठरवणार नाही, तुमचा प्लॉट ठरवेल. बंगल्याच्या प्रेमात पडून तुम्ही प्लॉटचे कागद बाजूला ठेवलेत, आणि मला तीच काळजी आहे.

ह्यूस्टनला झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं याचे शहराचे नियम, नाहीत, म्हणून आपल्या माणसांचा समज असतो की प्लॉटवर काहीही उभं करता येतं. झोनिंग नसलं तरी जुन्या दस्तांत अटी असतात, त्यांना इथे 'डीड रिस्ट्रिक्शन्स' म्हणतात. कित्येक जुन्या वस्त्यांच्या दस्तांत 'दुसरीकडून आणलेली इमारत या प्लॉटवर ठेवू नये' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते कलम लागू असेल तर शेजारी कोर्टात जाऊ शकतो, इतकंच काय, ह्यूस्टनमध्ये शहर स्वतःही जाऊ शकतं. खरेदीच्या वेळी मालकीहक्क तपासणाऱ्या टायटल कंपनीने दिलेला गठ्ठा बाहेर काढा आणि ते कलम शोधा. यात एक पैसाही खर्च होत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. इंडिपेंडन्स हाइट्समधून लिटल व्हाइट ओक बायू हा ओढा जातो. हार्वी वादळ २०१७ च्या ऑगस्टमध्ये आलं आणि शहराने पुराचे नियम बदलले. १ सप्टेंबर २०१८ पासून शंभर वर्षांच्या आणि पाचशे वर्षांच्या (म्हणजे सरासरी तेवढ्या वर्षांतून एकदा पूर येईल अशा) दोन्ही पूरक्षेत्रांत नव्या घराची जमीन पाचशे वर्षांच्या पूरपातळीच्या दोन फूट वर असावी लागते. हलवून आणलेलं घर शंभर वर्षांचं जुनं असलं तरी तुमच्या प्लॉटवर ते नवीनच. पाया आजच्या नियमाने, वाऱ्याचा जोर सोसायची बांधणी आजच्या नियमाने, उंचीही आजच्या नियमाने. प्लॉट पूरक्षेत्राबाहेर असेल तर हे ओझं बरंच हलकं होतं. आत असेल तर सर्व्हेअरकडून उंचीचा दाखला काढल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका.

समजा, तिथे जमिनीपासून चार फूट वर घर ठेवावं लागलं. चार फूट म्हणजे सात-आठ पायऱ्या. सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण पंचाहत्तरीतल्या माणसाला रोज चारदा आठ पायऱ्या चढा-उतरायला सांगणं मला बरोबर वाटत नाही. मग रॅम्प आला. रॅम्पचा चांगला उतार एकास बारा, म्हणजे चार फुटांसाठी अठ्ठेचाळीस फुटांचा रॅम्प, मध्ये विसाव्याला सपाट जागा. तुमचा प्लॉट शंभर फूट लांब, त्यातला निम्मा रॅम्पच खाणार. एक दोरी घेऊन प्लॉटवर जा आणि अठ्ठेचाळीस फूट टाकून बघा. कागदावरचा आकडा आणि पायाखाली पसरलेली ती लांबी यांत फार फरक असतो.

आता पैसे. तुमचे आकडे आणि पत्रातलं वर्णन यांवरून मी मांडलेला हा अंदाज आहे, कोटेशन नव्हे. हलवण्याचे ४२ हजार. तारा, सिग्नल, पोलीस, झाडं यांचे ६ ते १२. सर्व्हे, इंजिनियर, परवाने ५ ते ६. उंच खांबांचा नवा पाया ३५ ते ४५. पाणी, ड्रेनेज आणि विजेची जोडणी १२ ते १५. घरातलं सगळं जुनं वायरिंग आणि गंजलेले पाइप काढून नवे, ३० च्या आसपास. एसी १२ ते १४. ओसरी परत जोडणं, छपराची दुरुस्ती, पायऱ्या आणि रॅम्प मिळून २५ ते ३२. रंग आणि खिडक्या १५. विमा ३. बेरीज १ लाख ८५ हजारांपासून २ लाख १४ हजारांपर्यंत जाते, आणि अडीअडचणीसाठी वर पंधरा टक्के बाजूला ठेवल्याशिवाय असल्या कामाला हात घालू नये.

म्हणजे ताई, दीड लाख वाचत नाहीत. काहीच वाचत नाही. पैशांच्या बाजूने तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर आहे, आणि हे त्यांना आजच सांगून टाका. दोघांनी एकाच आकड्याकडे बघून बोलायला हवं.

रंगाबद्दल थोडं. १९७८ साली अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली, त्याआधीच्या घरात तो असतोच असं धरून चालावं. कोरडा रंग घासायला कुणालाही देऊ नका, नातवंडं येणार असतील तर अजिबातच नाही. विम्याबद्दलही एक वाक्य. घर चाकांवर असताना तुमची नेहमीची पॉलिसी चालत नाही, आणि हलवणाऱ्याची पॉलिसी नेमकं काय भरून देते ते तुमच्या एजंटला वाचायला द्या. कर्जाचं म्हणाल तर चाकांवरच्या घरावर बँक सहसा पैसे देत नाही. एफएचए या सरकारी संस्थेच्या हमीच्या '२०३-के' कर्जात दुसरीकडून आणलेलं घर बसतं, पण ते स्वतः राहणाऱ्या मालकासाठी असतं. तिथे तुम्ही राहणार नाही, सासू-सासरे राहतील. त्याच कारणाने त्या घरावर होमस्टेडची (मालक स्वतः राहतो त्या घराची) करसवलतही मिळायची नाही, आणि टेक्सासचा प्रॉपर्टी टॅक्स किती असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता बिल्डर. 'एका डॉलरला न्या' हे त्याचं औदार्य आहे असं समजू नका. ते घर पाडून, मलबा उचलून डंपला टाकायला त्याला पैसे पडणार आहेत. तुम्ही घर नेलंत तर तो खर्च वाचतो. तेव्हा पाडकामाचं कोटेशन किती आलंय ते त्याला विचारा आणि तेवढे पैसे, निदान त्यातले निम्मे, घर हलवायला मागा. इथे अशी देवघेव होते, मागायला लाजू नका. दस्तऐवजही नीट करा. जमिनीवेगळ्या घराच्या विक्रीचा कागद हवा, आणि बिल्डरने त्या जागेवर कर्ज काढलं असेल तर बँकेची ना-हरकत हवी. घर हाइट्सच्या हेरिटेज हद्दीत येत असेल तर शहराचा दाखलाही त्याच्याकडे असला पाहिजे, तो डोळ्यांनी बघा.

४५ दिवस मात्र कुठल्याही हिशोबाने पुरत नाहीत. हे मी स्वतः पोळलेल्या हाताने लिहितोय. २००३ साली मी असंच एक छोटं घर घेतलं, स्वतःसाठी. घर उचलून गाडीवर चढलं, आणि प्लॉटच्या पायाचा परवाना तोवर आलाच नव्हता. घर थेट हलवणाऱ्याच्या यार्डात गेलं. तीन महिने तिथे पडलं. दर महिन्याला भाडं, वर ताडपत्री. सप्टेंबरच्या पावसात एका कोपऱ्यातली ताडपत्री फाटली आणि ते कुणी मला कळवलं नाही. मी गेलो तेव्हा पुढच्या खोलीची जमीन पन्हळीसारखी झाली होती, एकेका फळीची कड वर आलेली. अनवाणी पायाला एकेक धार लागत होती. ऐंशी वर्षं सरळ राहिलेल्या फळ्या होत्या त्या. मी तिथेच खाली बसलो. चूक माझी होती. प्लॉटवर पाया घालून होईपर्यंत मी घराला हात लावायला नको होता. म्हणून बिल्डरकडे ९० ते १२० दिवस मागा. तो नाही म्हणाला, तर घर नाही.

एवढं सगळं लिहूनही मी तुम्हाला थेट 'नाही' म्हणत नाही, कारण त्या लाकडाला मी ओळखतो. पूर्व टेक्सासमध्ये लाँगलीफ पाइनची शेकडो वर्षांची जंगलं होती. १८८० ते १९३० या पन्नास वर्षांत ती जवळजवळ सगळी तोडली गेली, आणि त्यातलं बरंचसं लाकूड तुमच्या बंगल्यासारख्या घरांत गेलं. ते आज बाजारात नव्याने मिळत नाही, कारण ती झाडंच राहिली नाहीत. जुनी फळी हातात घेऊन तिच्या कडेकडे बघा, वर्षांच्या रेघा इतक्या जवळजवळ की मोजताना नजर चुकते. नव्या पाइनच्या फळीत इंचात पाच-सहा दिसतात. जुन्या फळीत खिळा ठोकायचा तर आधी भोक पाडावं लागतं.

वाईच्या वाड्याचं तुम्ही लिहिलंत. आमचा वाडा साताऱ्याकडचा. मी दहावीत असताना तो गेला. व्यापारी आला, खडूने प्रत्येक खांबावर आकडा घातला, टेप लावून घनफूट काढले आणि सागवान ट्रकमध्ये चढवलं. खिळे फारसे नव्हतेच, लाकडी खुंट्यांवरच सगळं जोडलेलं. ज्या क्रमाने उतरवला त्या क्रमाने तो वाडा दुसरीकडे पुन्हा उभा करता आला असता. कुणी तसा विचार केला नाही, कारण मोकळी जागा आणि पैसे दोन्ही एका वेळी कुणाकडे नव्हते. तुमच्याकडे जागा आहे. पैसे आहेत की नाहीत, ते तुम्ही दोघांनी बसून ठरवायचं. पण वाडा वाचवता आला नाही म्हणून हा बंगला घेऊ नका. सासू-सासऱ्यांना राहायला हे घर चांगलं आहे, आणि नव्याइतकेच पैसे घालून असलं लाकूड पायाखाली हवं आहे, हे तुम्हाला मनापासून पटत असेल तर घ्या.

आणखी एक. इंडिपेंडन्स हाइट्स ही काळ्या लोकांनी १९१५ साली स्वतःची नगरपालिका करून वसवलेली वस्ती, टेक्सासमधली तशी पहिली. १९२९ साली ह्यूस्टनने तिला पोटात घेतलं. तिथली जुनी घरं आणि जुनी माणसं दोन्ही आता कमी होत चालली आहेत. त्या गल्लीत तीनमजली घर उभं करण्यापेक्षा ओसरीचं बुटकं घर आणणं शेजाऱ्यांना आवडेल असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका. दोन्ही बाजूंच्या दारांवर जाऊन सांगा, आम्ही असं घर आणतोय, एका रात्री गल्ली बंद राहील. त्यांनी ते तुमच्याकडून ऐकलेलं बरं.

आता काय करायचं ते सांगतो. बिल्डरला डॉलर देऊ नका, हलवणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका. आधी दस्त वाचा. कलम सापडलं तर विषय संपला. नसेल तर सर्व्हेअर बोलवा. पूरपातळीने घर साडेतीन-चार फुटांच्या वर जात असेल तर सासू-सासऱ्यांसाठी हे घर सोडून द्या, मी तरी सोडेन. उंची दोन-अडीच फुटांत बसत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला घेऊन बंगल्याखाली जा. या सगळ्याला दोनेक हजार डॉलर जातील. घर नाही घेतलं तरी सर्व्हे वाया जाणार नाही, त्या प्लॉटवर काहीही बांधायचं तर तो लागणारच आहे.

बंगल्याखाली जाताना जुने कपडे घाला, टॉर्च आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर बरोबर घ्या. पहिल्यांदा बाथरूमच्या खाली सरपटत जा, कारण शंभर वर्षांचं पाणी तिथेच ठिबकलेलं असतं. बाहेरच्या भिंतीखालून जाणारी जी जाड तुळई आहे, तिच्यात स्क्रू ड्रायव्हर जोराने खुपसा. टोक अडलं आणि हाताला झटका बसला तर लाकूड शाबूत आहे. भाकरीत बोट जावं तसं ते आत गेलं तर तिथे वाळवी किंवा कुज आहे. दर दोन फुटांवर हे करत चारी बाजूंनी फिरा. एखाद-दुसरा कोपरा पोकळ निघाला तर तेवढी तुळई बदलता येते. निम्मी पोकळ निघाली तर तो सांगाडा गाडीवर चढवण्याच्या लायकीचा नाही.

आणि घर आणायचं नाही असं ठरलं, तर ते पाडायच्या आधी बिल्डरकडून दोन शनिवार मागून घ्या. जमिनीच्या फळ्या, पाच कप्प्यांची दारं आणि वजनावर सरकणाऱ्या खिडक्या सुतार लावून नीट उतरवून घ्या. तुमच्या प्लॉटवर उद्या जे काही नवं बांधाल, त्यात पुढच्या खोलीपुरती तरी ती जमीन घालता येईल. फळ्यांवर खडूने आकडे मात्र तुम्ही स्वतः घाला.